डावी पोटरी

खाली भांड्यांच्या दुकानात पाण्याच्या गुंडांची उतरंड कोसळली आणि वर सुमेरमल उभा होता. आधी आवाज झाला की आधी आपण उठलो, हे त्याला नंतर कितीही आठवून सांगता येईना. स्टीलचे गुंड फरशीवर आपटत, एकमेकांना धडका देत, घरंगळत पार अक्कलकुव्याच्या भर बाजारात गेले असणार, कारण बाहेरून रिक्षावाल्याच्या शिव्या ऐकू येत होत्या आणि दुकानातला गडी बाज्या जिन्याखालून ओरडत होता, "शेठ, काही व्हयनं नही! कोन्हले लागनं नही! नुसता भांडा पडनात!" आणि इकडे वरच्या खोलीत, आषाढापासून ज्याने पलंग आणि चाकाची खुर्ची यांच्यापलीकडे काही पाहिलं नव्हतं तो चौसष्ट वर्षांचा सुमेरमल दाराच्या चौकटीशी स्वतःच्या दोन पायांवर उभा होता. हातात काठी नाही, बगलेत कुबडी नाही, बायकोचा, मोहनबाईचा, खांदा नाही. अरे, उभा आहे की मी! असं त्याच्या मनात आलंसुद्धा. हसू फुटायच्या बेतात होतं, आणि तेवढ्यात डाव्या पोटरीत काहीतरी हललं. दुखलं नाही. दुखलं असतं तर बरं झालं असतं, दुखणं त्याच्या ओळखीचं होतं. दूध वर यायच्या आधी साय नुसतीच थरथरते, तशी पोटरी आतल्या आत थरथरायला लागली. थरथर गुडघ्यात चढली, गुडघ्यातून मांडीत गेली, आणि मग पाय त्याचा राहिलाच नाही. चौकट धरत धरत तो खाली बसला. बसला कसला, ओघळला.

"काई हुयो?" करत मोहनबाई पिठाच्या हातांनी धावत आली. मागोमाग सून चांदनी, आणि तिने तर टाळ्याच वाजवल्या. "बासा उठले! आई, बासा आपले आपण उठले! पलंगापासून इथवर आले!" तिने लगेच नवऱ्याला, रिषभला, फोन लावला. तो माल घ्यायला सुरतला गेलेला. तिकडून तोही काहीबाही आनंदाने ओरडत होता. घरात मारवाडी, दुकानात अहिराणी आणि बँकेत मराठी अशी या घराची तीन तोंडं. त्या दिवशी तिन्ही तोंडांनी एकच गोष्ट सांगितली, की सुमेरमल बरा झाला. एकटा सुमेरमल तेवढा गप्प होता. दोघींनी काखेत हात घालून त्याला पलंगावर चढवला, अंगावर पांघरूण घातलं, आणि पांघरुणाखाली त्याचे दोन्ही हात डाव्या पोटरीवर गेले. ती अजून फडफडत होती. तो घाबरला होता, आणि साधासुधा नाही. त्याला न विचारता पाय उठला होता. आणि त्याला न विचारताच पाय त्याला सोडून गेला होता. यातली कुठली गोष्ट जास्त वाईट हे त्याला ठरवता येईना.

तसं पाहिलं तर सगळं एका शिडीपासून सुरू झालं. भांड्यांच्या दुकानात शिडीवर चढायचं काही नवल नसतं. वरच्या फळीवरच्या परातीपासून खालच्या तांब्यापर्यंत हात पोचवत त्याचं आयुष्य गेलं होतं. त्या दिवशी धडगावकडचं कुणीतरी मोठं पातेलं मागत होतं, सुमेरमल चढला, पातेलं काढलं, बाज्याच्या हातात दिलं, आणि उतरताना पडला. झालं एवढंच. शिडी चांगली होती. पायरी मोडली नाही, सरकली नाही. पायात वहाण नव्हती, चक्कर नव्हती, कुणी हाक मारली नव्हती. पाय जिथे पायरी होती तिथे टेकायच्या ऐवजी जिथे नव्हती तिथे टेकला. नडगीचं हाड मोडलं त्याचं त्याला फारसं काही वाटलं नाही, हाड जुळतं. पण कारण सापडेना. लोक भेटायला येत, विचारत, "कसं काय पडलात हो?" आणि तो काहीतरी सांगून मोकळा होई. एकाला सांगे पायरी ओली होती, दुसऱ्याला सांगे तोल गेला. कारण नसताना जो एकदा पडतो तो कारण नसताना पुन्हा पडू शकतो, हे त्याला प्लास्टरच्या पहिल्याच आठवड्यात कळून चुकलं होतं, आणि हे ज्याला कळलं तो माणूस जमिनीकडे पुन्हा पूर्वीसारखं कसा बघणार?

मग चातुर्मास बसला. साध्वींचा एक संघाडा त्या वर्षी गावातल्या जैन स्थानकात मुक्कामाला होता. मोठ्या महासतीजी घरी मांगलिक द्यायला, मंगलपाठ ऐकवायला आल्या, तोंडावर पांढरी मुहपत्ती, हातात लोकरीचा ओघा, पायांना उन्हाळ्यात पडलेल्या भेगा. "साता आहे ना, श्रावकजी?" त्यांनी खुशाली विचारली. आणि सुमेरमलने पलंगावरून हात जोडून म्हटलं, मला पच्चक्खाण द्या. चातुर्मास पुरा होईपर्यंत या खोलीचा उंबरठा ओलांडणार नाही. नेम घ्यायला माणसं काय काय सोडतात. कुणी हिरवी भाजी सोडतं, कुणी रात्रीचं पाणी. दिशा सोडणाराही नेम असतो, अमुक हद्दीपलीकडे जायचं नाही असा. त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही, उलट मोहनबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. महासतीजींनी नेम दिला. पर्युषण झाल्यावर डॉक्टरांनी प्लास्टर कापलं, म्हणाले, काठी घेऊन चालायला लागा. तेव्हा सुमेरमलने नुसते हात जोडले. नेमापुढे कोण बोलणार? या गावात माणूस कर्जाला, आजाराला, सरकारला नाही म्हणू शकत नाही, पण पच्चक्खाण आहे म्हटलं की भल्याभल्यांची तोंडं बंद होतात. आता नेम होता उंबरठ्याचा. खोलीत चालायला, खिडकीपाशी जायला, उभं राहून देवाचं नाव घ्यायला कुणी मना केलं नव्हतं. पण सुमेरमल पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर एवढाच हलला, आणि हाही नेमाचाच भाग असणार असं सगळ्यांनी धरून चाललं, आणि त्याने धरू दिलं. जैन संघातली माणसं साता विचारायला येत, पलंगापाशी बसत, म्हणत, "काय स्थिरता आहे हो! आमच्याच्याने नाही होणार." तो डोळे मिटून घेई. मिटल्या डोळ्यांमागे शिडी असे.

पडण्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे गुंड पडले त्याच्या दुसऱ्या दिवशी, चांदनीने यास्मीनला बोलावलं. यास्मीन नंदुरबारला शिकून आलेली फिजिओथेरपिस्ट. तिच्या घराण्याचा बाजारात तीन पिढ्यांचा कल्हईचा धंदा, त्यामुळे भांडीवाल्यांचं आणि त्यांचं जुनं येणंजाणं. तिने धोतर गुडघ्यापर्यंत सारलं आणि दोन्ही पोटऱ्या हातात घेऊन दाबून पाहिल्या. सुमेरमलने स्वतःचे पाय कितीतरी दिवसांनी उजेडात पाहिले. डावी पोटरी म्हणजे पिळून वाळत घातलेलं फडकं. पण त्याला धसका बसला तो उजवीकडे पाहून. उजव्या पायाला काही झालं नव्हतं, आणि तोही उतरला होता.

"काका, काल तुम्ही उठलात ना, ते कसं सांगू," यास्मीन म्हणाली, आणि सांगताना ती पलंगाच्या काठावरच बसली. तिने सांगितलं की मांसात दोन जातींचे धागे असतात. एक जात झटपट. साप दिसला, भांडं पडलं, की ते उठतात, सगळा जोर एका झटक्यात लावतात आणि लगेच दमून जातात. दुसरी जात संथ. ते धागे कुणाला दिसत नाहीत, त्यांचं कुणी कौतुक करत नाही, पण माणूस सकाळपासून संध्याकाळपर्यंत ताठ उभा असतो तो त्यांच्या जिवावर. पोटरीत खोल, वरच्या मांसाखाली, अशाच संथ धाग्यांचा एक रुंद स्नायू आहे. वजन पेलणं हेच त्याचं काम. त्याच्यावरचं वजन काढून घेतलं, की बाकीच्यांच्या आधी तोच वाळतो. "आणि जे उरतात ना काका, ते पण हळूहळू आपली चाल सोडतात. झटपटवाल्यांसारखे वागायला लागतात. पटकन उठतात, पटकन थकतात." मग तिने त्याचा घाबरलेला चेहरा पाहिला असावा, कारण तिने एकदम अहिराणी धरली. "आसं समजा, तुम्हना पायमा उडी मारानी ताकद शे. उभं ऱ्हावानी नही."

"परत येईल?"

"येईल. रोज उभं राहिलात तर. थोडं थोडं. उड्या मारून नाही, नुसतं उभं राहून." तिने धोतर खाली सारलं. "सगळं येईल असं मात्र मी सांगणार नाही. तुमचं वय झालंय, आणि पडून राहणंही फार झालं. पण आत्ता नाही उठलात तर काय होईल ते मात्र मी आत्ताच सांगते. मग तुम्ही उठणारच नाही. चला, पलंगाला धरून उभे राहा."

"माझं पच्चक्खाण आहे, बेटा."

"ते उंबरठ्याचं ना?" यास्मीन भोळेपणाने म्हणाली. "खोलीत उभं राहू नका असं महासतीजी थोडंच म्हणाल्या?"

कोपऱ्यात मोहनबाई मेथी निवडत बसली होती. तिचा हात थांबला. तिने वर पाहिलं, आधी यास्मीनकडे आणि मग नवऱ्याकडे. ती पुन्हा मेथीला लागली, पण त्या बघण्याने सुमेरमलच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. आज अंगात बरं नाही, उद्या बघू, असं काहीतरी म्हणून त्याने यास्मीनला वाटेला लावलं.

त्या दिवसापासून तो आवाजांना भ्यायला लागला. अक्कलकुव्यातून गुजरातकडे जाणारा हायवे, ट्रकांचे हॉर्न काही आजचे नाहीत. पण आता हॉर्न वाजला की मांडीत लाट उठे आणि कंबर गादीवरून उचलली जाई. स्वयंपाकघरात कुकर चढवला की तो शिट्टीची वाट बघत पलंगाची पट्टी दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवी. न जाणो, शिट्टी होईल, आपण उठू, दारापर्यंत जाऊ, आणि दाराशी पोचल्यावर तो आतला संथवाला नसेलच. झटपटवाला नेऊन सोडेल आणि पळून जाईल. कानांत कापसाचे बोळे घालून तो पडून राहायला लागला. लोकांना वाटलं, मौन धरलंय! एका दुपारी घर सामसूम असताना त्याने चोरून करून पाहिलं. पट्टी धरली, उठला, आणि खरोखर सहज उठला, एखाद्या तरण्याबांड पोरासारखा. आणि पट्टी सोडली न सोडली तोच ती थरथर आली. तो धपकन पलंगावर बसला आणि तोंडावर पांघरूण घेऊन रडला. मग भीतीला फाटे फुटले. पाय असे वाळतात तर मान कशी ताठ राहते? पाठ कुठल्या धाग्यांची? छाती वर-खाली होते ती कुणाच्या जोरावर, आणि पडून राहून तीही उतावळी झाली तर? यास्मीन आली तेव्हा त्याने तिला अगदी हळू आवाजात विचारलं, हृदय कुठल्या जातीचं असतं? ती हसली. "ते वेगळंच असतं, काका. ते कधी सुट्टीच घेत नाही." त्याला काही हसू आलं नाही.

आणि एके काळी याच पोटऱ्या दगडाच्या होत्या. त्याचा बाप दर हिवाळ्यात डोक्यावर भांड्यांची गाठोडी घेऊन डोंगरात उतरायचा, आणि मिसरूड फुटल्यापासून सुमेरमल त्याच्या मागे. मोलगीपर्यंत जीप मिळे, पुढे पाय. सातपुड्याची ती उतरण, पाठीवर हंड्यांचं ओझं, प्रत्येक पावलाला शरीर पुढे पडायला बघतं आणि पोटरी मागे खेचून धरते. खाली मणिबेलीला पोचलं की नर्मदेच्या पाण्यात पाय सोडून बसायचं, कुणीतरी ताडीचा गडू पुढे करायचा, बाप हात जोडून नाही म्हणायचा, सगळे हसायचे. पुढे धरणाचं पाणी चढलं. वाट गेली, बसायचा खडक गेला, गावाचा बराचसा भाग गेला, आता तिकडे होडीने जातात. ती वाट आता जगात कुठेच नाही, असं त्याला नेहमी वाटे, आणि लगेच असंही वाटे, की आहे, माझ्या पायांत आहे. डोळे मिटले की कुठे वळण, कुठे घसरण, पाय सांगतात. आता पलंगावर पडल्या पडल्या त्याने ती वाट आठवायला घेतली आणि पहिल्याच उतारावर अडकला. पुढचं येईना. त्याने पोटरी दाबली, चोळली, पुन्हा डोळे मिटले. कुठे काय. पाणी तिथेही चढलं होतं.

बापाचीच आणखी एक आठवण त्याला छळू लागली. बाप काउसग्गाच्या ध्यानाला उभा राही तो असा, की नाकावर माशी बसली तरी हलायचा नाही. पायांत थोडं अंतर, हात सैल, नजर खाली, आणि काया सोडून द्यायची. "ही माझी नाही असं म्हण आणि उभा राहा," तो लहानग्या सुमेरमलला शिकवी. सुमेरमल पुढे त्यात बापाच्याही वरचढ निघाला. स्थानकात संवत्सरीच्या लांबलचक काउसग्गात बाकीचे एका पायावरून दुसऱ्यावर वजन टाकत, खोकत, आणि हा खांब. त्याला त्याचा अभिमानच होता म्हणा ना. आणि आता यास्मीनचं ऐकल्यापासून त्याच्या डोक्यात एक किडा वळवळत होता: काया सोडली असं आपण समजत होतो तेव्हा पोटरीतला तो संथवाला गुपचूप आपल्याला पेलून धरत होता. आपण त्याला कधी विचारलं नाही, तो कधी बोलला नाही. आणि या वर्षी आपण काया खरोखरच सोडली, तर तो मेला. एवढ्या वर्षांत जे काही स्थिर होतं ते माझं मन होतं की ती पोटरी? हा प्रश्न त्याला इतका भयंकर वाटला, की तो मोठ्याने "नाही, नाही" म्हणाला, आणि मोहनबाई धावत आली.

"काई हुयो?"

"काही नाही. पाणी दे."

तिने पाणी दिलं आणि पायाशी बसून ती पोटरीला तेल चोळायला लागली. मोहनबाई अंगाने चिमुकली, बोटं बारीक, गुडघे कायमचे दुखरे. चार महिने तिने याला पाण्याचा पेलासुद्धा उचलू दिला नव्हता. उशी सारखी करायची तीच, सदरा घालायची तीच, मोज्यात पाय घालायचा तर पाय उचलून धरायची तीच. लग्नाला चाळीसेक वर्षं झाली, त्यात हा माणूस इतका वेळ घरात कधी सापडला नव्हता. तेल चोळता चोळता ती खालच्या आवाजात म्हणाली, "दुपारच्या झोपेत तुम्ही बडबडता."

"काय बडबडतो?"

"शिडी धर, शिडी धर, म्हणता." ती चोळत राहिली. "मी धरते मग पाय."

त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं.

कार्तिकी पौर्णिमा जवळ आली तशी नवी पंचाईत. पौर्णिमा झाली की चातुर्मास संपणार, महासतीजी तळोद्याकडे पायी विहार करणार, सगळा संघ त्यांच्याबरोबर वेशीपर्यंत चालत जाणार, आणि सुमेरमलचा नेम सुटणार. खोलीबाहेर पहिलं पाऊल कसं पडतं ते बघायला गावातली अर्धी जैन घरं जिन्याखाली उभी राहणार होती. चांदनीने तर लापशीचा बेत ठरवला होता. सगळ्यांसमोर तो उठेल, दारापर्यंत जाईल आणि तिथे फडफडेल. याच्यापेक्षा मेलेलं काय वाईट? तेव्हा एके दिवशी संघाचे अध्यक्ष साता विचारायला आले आणि जाता जाता सहज बोलून गेले, "सुमेरमलजी, एवढं साधलंय तर सोडता कशाला? वाढवून घ्या की." बोलणारा बोलून गेला. सुमेरमलच्या डोक्यात मात्र दिवाच लागला. वाढवून घ्यायचं! आणि वर्षाचं कशाला, यावज्जीव. जीव असेतोवर या खोलीबाहेर पाऊल नाही. एक शब्द उच्चारला की संपलं: जमीन नको, जिना नको, पोटरी नको, कुणी पुन्हा कधी उभं राहा म्हणणार नाही. लोक वरून पाया पडतील. त्याने कानांतले बोळे काढून ठेवले. पुष्कळ दिवसांनी त्याला गाढ झोप लागली. त्याने कुणाला काही सांगितलं नाही, मोहनबाईलाही नाही; पण त्या दिवसापासून तो आनंदात दिसायला लागला आणि मोहनबाई त्याच्याकडे फार बघायला लागली.

विहाराच्या सकाळी रस्त्यापासून जिन्यापर्यंत माणसं होती. महासतीजी दोन साध्वींना घेऊन वर आल्या. "दया पालो," त्यांनी आशीर्वाद दिला. खोली बायकांनी, पुरुषांनी भरून गेली, काहीजण बाहेर सज्जात उभे राहिले, रिषभ फोनवर चित्रण करत होता, त्याला कुणीतरी दटावलं. सुमेरमल उशांना टेकून बसला होता, पांढरं धोतर, पांढरी खेस, तोंडावर मुहपत्ती. त्याने हात जोडले. त्याचा आवाज अजिबात कापला नाही याचं त्यालाच नवल वाटलं.

"महासतीजी, मला पच्चक्खाण द्या. या खोलीचं. यावज्जीव."

खोलीत एक 'अहाहा' उठलं. कुणीतरी धन्य धन्य म्हणालं. चांदनीने तोंडावर हात नेला. "पुरता विचार केलाय?" महासतीजींनी विचारलं.

"केलाय."

"नका देऊ." आवाज इतका बारीक होता की आधी कुणाला कळलंच नाही कोण बोललं. मोहनबाई पलंगाच्या पायथ्याशी उभी होती, पदर कपाळाच्या खालपर्यंत ओढलेला, हात जोडलेले. साध्वींसमोर, चार पुरुषांसमोर ती आयुष्यात कधी बोलली नव्हती. "महासतीजी, यांना पच्चक्खाण देऊ नका. यांना वैराग्य नाही आलं. हे भितात."

बाहेर एक ट्रक हॉर्न वाजवत गेला आणि भर सभेत सुमेरमलची कंबर गादीवरून टचकन उचलली गेली, सगळ्यांनी पाहिलं. त्याचा चेहरा लाल झाला, मग पांढरा झाला. त्याला वाटलं, उठावं आणि हिच्या थोबाडीत मारावी. आणि उठावं असं वाटल्याबरोबर पोटरीत ती ओळखीची फडफड सुरू झाली. महासतीजींनी डोळे खाली घेतले. रागावल्या की काय ते मुहपत्तीआड कळायला मार्ग नव्हता.

"आज राहू द्या," त्या म्हणाल्या. "मांगलिक आम्ही खाली रस्त्यावर देऊ. ज्यांना ऐकायचंय त्यांनी खाली या." आणि त्या वळल्या. साध्वींच्या मागे हळूहळू सगळी खोली रिकामी झाली. जाताना कुणीही सुमेरमलकडे पाहिलं नाही. चांदनी घुटमळली, तिला मोहनबाईने डोळ्यांनीच खाली पाठवलं.

"अब्रू घेतलीस माझी," सुमेरमल म्हणाला.

"घेतली." मोहनबाई रडत होती, पण आवाज साफ होता. "त्या खाटेवर मरायचं असेल तर मला आधी सांगायचं होतं. उठा."

"पडेन मी, मोहन."

"पडाल."

ती त्याला उठवायला आली नाही. चार महिन्यांत पहिल्यांदाच ती उशीला हात न लावता खोलीबाहेर गेली, आणि जिन्याच्या तोंडाशी थांबली. सुमेरमल उठला. उठणं सोपंच होतं, उठवणारे अजून शाबूत होते. पलंग सुटला, भिंत हाताला आली, चौकट आली. थरथर आली. तो चौकटीला चिकटून उभा राहिला, तोंडाने श्वास घेत, आणि ज्या उंबरठ्यासाठी त्याने एवढं नाटक केलं तो ओलांडून कधी बाहेर आला हे त्याला कळलंही नाही, कारण समोर जिना होता. अरुंद, उभा, एका बाजूला भिंत आणि एका बाजूला धरायला नुसती दोरी. जिन्यात झटपटवाल्याचं काही काम नव्हतं. वरच्या पायावर सगळं अंग पेलून धरायचं आणि खालचा पाय सावकाश सोडायचा. हे काम त्या दुसऱ्याचं, आणि तो उरलाय किती हे कुणालाच माहीत नव्हतं. मोहनबाई दोन पायऱ्या खाली उतरली आणि त्याच्याकडे तोंड करून उभी राहिली, नेमकी त्याच्या खाली.

"बाजूला हो," तो किंचाळला. "वरून आलो तर तू मरशील!"

"म्हणूनच उभी आहे."

शिडीवरून पडल्यापासून तो कितीतरी गोष्टींना भ्याला होता, पण हे भय त्यांतलं नव्हतं. याच्यात जमीन नव्हती, हाड नव्हतं, कारण सापडण्या-न सापडण्याचा प्रश्नच नव्हता. समोर एक पांढऱ्या केसांचं चिमुकलं डोकं होतं. त्याने दोरी धरली. डाव्या पायावर भार घेतला. पोटरी लटलट कापायला लागली, आणि कापता कापताच तिने त्याला धरून ठेवलं, आणि उजवा पाय खाली, खाली, पायरीला टेकला. खाली रस्त्यावर मांगलिक सुरू झालं होतं. मोहनबाई उलट्या पावलाने एक पायरी खाली सरकली. त्याने डावा पाय उजव्याशेजारी आणला, पुन्हा भार त्याच्यावर घेतला, दुसरी पायरी घ्यायला वाकला.

"थांबा जरा," ती म्हणाली. "घाई करू नका. माझेच पाय कापतायत."

त्याने खाली पाहिलं. लुगड्याच्या काठाखाली तिची पावलं खरंच लटपटत होती, आणि तिने भिंतीला हात टेकला होता. किती दिवस ती अशी भीत होती कोण जाणे. तिचे पाय थांबेपर्यंत तो त्या पायरीवर उभा राहिला.